टॉवेल टाकलेली खुर्ची

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मानेवाड्याच्या एका लेआउटमधल्या मनोहरराव हेडाऊंच्या घरी एक खुर्ची तपासणीसाठी आली.

खुर्च्या तपासणं मनोहररावांना नवं नव्हतं. एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी निरुपयोगी सामानाच्या याद्या केल्या होत्या. पाय मोडलेली, वेत सुटलेली, ढेकणांनी ताब्यात घेतलेली खुर्ची त्यांच्यापुढे यायची. ते तिला एकदा हलवून बघायचे आणि 'सदर खुर्ची दुरुस्तीपलीकडे गेली असून' अशा सुरुवातीचं तिचं मरणपत्र लिहायचे. साडेसहाशेच्या वर खुर्च्या त्यांनी अशा मार्गी लावल्या. निवृत्तीच्या दिवशी नारळ घेऊन ते ज्या खुर्चीवरून उठले ती मात्र अजून चालू होती. माणूस आधी निकालात निघाला.

ही नवी खुर्ची हैदराबादहून आली होती. त्यांचा मुलगा ऋषिकेश तिथं अशा खुर्च्या विकणाऱ्या कंपनीत होता. तासन्‌तास कॉम्प्युटरवर खेळत बसणाऱ्या पोरांसाठी त्या बनवलेल्या. पण तासन्‌तास बसणाऱ्यांची दुसरी मोठी जमात म्हणजे म्हातारे, हे कंपनीच्या उशिरा लक्षात आलं होतं.

"बाबा, चौदा दिवस बसायचं आन् रोज फॉर्म भरायचा. तुमच्यासारखा जाणकार कुठं भेटते?" ऋषिकेश फोनवर म्हणाला.

"बसून काय खेळायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"ते मी तसंही करून राहिलो, गा."

दोन माणसांनी ती जोडून समोरच्या खोलीत, कूलरच्या खिडकीजवळ ठेवली. काळी आणि लाल, शर्यतीच्या मोटारीतून उपटून आणल्यासारखी. डोक्याच्या उशीत स्पीकर होता. कंबरेमागची उशी बसणाऱ्याच्या पाठीचा बाक ओळखून आपोआप खालीवर सरकायची आणि हवी तर मालिशही करायची. पायांसाठी पाट बाहेर यायचा. खुर्चीच्या हातावर फोन ठेवला की तो चार्ज व्हायचा. एक बटण दाबलं की बैठक गरम होत असे. ही सोय मे महिन्यात नागपूरला पाठवणाऱ्याचा मनोहररावांनी मनातल्या मनात शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

शिवाय ती बोलायची. सलग पाऊण तास बसलं की उशीतून एक बाई अतिशय गोड हिंदीत सांगायची, "आपको बैठे हुए पैंतालीस मिनट हो चुके हैं. कृपया थोड़ा टहल लीजिए." एकतीस वर्षांत असं सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. सगळे बसायलाच सांगत.

पण ऋषिकेशचा जीव अडकला होता तो बैठकीतल्या सेन्सरमध्ये. कोणी बसलं की त्याच्या मोबाइलवर एक हिरवा ठिपका लागायचा. उठलं की विझायचा. मनोहररावांच्या पत्नी वच्छलाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून मुलगा दिवसातून तीनदा फोन करायचा, आणि दोघांकडे बोलायला काही नसायचं. जेवले काय. जेवलो. ऊन लय आहे काय. आहे. आता ठिपका दिसला की बाबा बरे आहेत असं समजायचं. दुपारपर्यंत दिसला नाही आणि फोनही उचलला नाही, तर शेजारच्या इंदुताईंना सांगायचं. त्यांच्याकडे किल्ली होती. एकट्या म्हाताऱ्याचा सगळा बंदोबस्त त्या एका ठिपक्यावर येऊन टेकला होता. मनोहररावांनाही ते बरं वाटलं. तीन वेळा बरा आहे म्हणून सांगायचाही त्यांना आताशा थकवा यायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी फॉर्मवर लिहिलं : 'सदर खुर्ची आरामदायक असून बसणाऱ्यास काम करण्याची इच्छा राहत नाही. कार्यालयीन वापरास अयोग्य.'

दुसऱ्या दिवशी पाठ घामानं रेक्झिनला चिकटली. उठताना सदरा असा आवाज करत सुटला की खुर्चीलाच त्यांना सोडवत नसावं. त्यांनी कपाटातून एक टॉवेल काढला. पांढरा, लाल काठाचा. हातांनी तो लांबीत तीन घड्या करून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि दोन्ही टोकं सारखी केली. हे काम हातांनी परस्पर केलं. मनोहरराव मागे सरकून पाहू लागले तेव्हा त्यांना ती घडी ओळखीची वाटली. सव्वीस वर्षांत त्यांनी कुठल्याही खुर्चीवर टॉवेल टाकला नव्हता.

बुधवारी दुपारी ते स्वयंपाकघरात चहा टाकत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात नागपूर असं निपचित पडतं की भर दुपारीही आपल्याच श्वासाचा आवाज मोठा वाटतो. चहाला उकळी आली आणि समोरच्या खोलीतून बाई बोलली :

"आपको बैठे हुए पैंतालीस मिनट हो चुके हैं. कृपया थोड़ा टहल लीजिए."

मनोहरराव चहा गाळायचे थांबले. ते बाहेर आले. खुर्ची रिकामी होती. टॉवेल सरळ होता. त्यांनी बैठकीवर हात ठेवला. ती गरम होती. बटण मात्र बंद होतं.

संध्याकाळी ऋषिकेशचा फोन. "बाबा, दिवसभर बसून राहता काय? सहा तास! अहो, टेस्ट आहे, तप नाही."

"मशीन खराब आहे तुमचं," मनोहरराव म्हणाले, आणि फॉर्मवर 'सेन्सर सदोष' असं लिहून मोकळे झाले. दोष लिहिला की भीती कमी होते, हा त्यांचा जुना अनुभव होता.

गुरुवारी ते सकाळी बँकेत हयातीचा दाखला विचारायला गेले होते. बारा वाजता घामेजून परत आले तर फाटकाशी इंदुताई उभ्या. इंदुताई म्हणजे साठीच्या, विधवा, आणि सगळ्या लेआउटच्या बिनपगारी मुकादम.

"तुम्ही कधी गेले बाहेर, भाऊ?"

"दहालेच. काहून?"

"आता बाप्पा! मी अकराले कैरीचं पन्हं घेऊन आली होती. खिडकीतून पाहिलं तर तुम्ही खुर्चीत बसले. डोक्यामागं टॉवेल. हाका मारल्या, तुम्ही काही वळले नाही. म्हटलं, मोठे लोक झाले, नवी खुर्ची आली..."

"मी नव्हतो, इंदुताई."

"मंग कोण होतं?"

इंदुताईंनी पन्ह्याचं भांडं त्यांच्या हातात दिलं आणि आत नाक वळवून हुंगलं. "खर्रा खाऊन राहिले काय या वयात? वास येऊन राहिला."

तंबाखू-सुपारी घोटून केलेला तो खर्रा मनोहररावांनी सव्वीस वर्षांपूर्वी सोडला होता.

शुक्रवारी त्यांनी तपासणी नीट करायची ठरवलं. दुपारी दोनला ते खुर्चीत बसले. बसताक्षणी कंबरेमागची उशी सरसर वर चढली, डावीकडे झुकली आणि थांबली. त्यांच्या पाठीला ती बसत नव्हती. ती एखाद्या उंच, डाव्या अंगावर रेलून बसणाऱ्या माणसाची जागा होती. तंबाखू, चुना आणि सुपारीचा वास आला. त्याच्यामागे जुन्या कागदांचा, खळीचा, बंद खोलीचा वास आला. मग डोक्याच्या उशीतून, अगदी कानाशी, एक आवाज सुरू झाला.

चर्र... चर्र... चर्र...

प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटताना तळहाताखाली होतो तो आवाज. निवांत, एका लयीत.

"देवराव...?" मनोहरराव पुटपुटले.

आवाज थांबला. जणू घोटणाऱ्यानं मान वर केली.

मनोहरराव उठले, त्यांनी टॉवेल ओढून काढला, आतल्या लोखंडी पेटीत टाकला आणि पेटीला कुलूप लावलं. मग देवघराच्या भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. त्या क्षणी त्या घरात फरशीइतकी भरवशाची बैठक दुसरी नव्हती.

देवराव बारापात्रे त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. खाप्याहून रोज एसटीनं यायचा. एसटी यायची तेव्हा यायची. त्यांच्या कार्यालयाची एक रीत होती : खुर्चीच्या पाठीवर टॉवेल म्हणजे माणूस हजर. माणूस दिसत नसेल तर चहाला गेला, बाहेर उभा आहे, आत्ता येईल. टॉवेलवर साहेबसुद्धा अविश्वास दाखवत नसत. त्यांची स्वतःची हजेरीही त्यावरच चालायची. म्हणून रोज साडेदहाला मनोहरराव देवरावच्या खणातून त्याचा टॉवेल काढायचे, तीन घड्या करून त्याच्या खुर्चीवर टाकायचे. देवराव अकरा-साडेअकराला मागच्या जिन्यानं यायचा, रेकॉर्ड रूममधून हळूच आपल्या जागेवर सरकायचा आणि पहिलं काम म्हणून दोघांसाठी खर्रा घोटायचा. अकरा वर्षं हे चाललं. चोरी म्हणावी इतकंही त्यात काही नव्हतं.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी, फेब्रुवारीत, देवराव साडेअकरालाही जागेवर आला नाही. शिपाई तीनदा विचारून गेला. "बारापात्रे आहेत काय?" मनोहरराव तिन्ही वेळा मान वर न करता म्हणाले, "आहेत ना. चहाले गेले." संध्याकाळी साडेपाचला चौकीदार रेकॉर्ड रूमला कुलूप लावायला गेला, तेव्हा दोन रॅकच्या मधे देवराव पालथा पडलेला सापडला, छातीत कळ येऊन गेलेला. साडेअकरालाच आला होता तो. सहा तास तिथं होता. त्यातले बरेच तास जिवंत होता. त्यानं घसटत दाराकडे तीन-चार हात जागा कापली होती आणि खालच्या फळीवरचे गठ्ठे ओढून पाडले होते. कोणीतरी आवाज ऐकावा म्हणून, हे उघड होतं.

शिपाई रडत म्हणाला, "मी त्याले गेटातून येतानी पाहिलं होतं, साहेब. खुर्ची खाली दिसली असती तर शोधलं असतं ना."

मनोहररावांचा जबाब झाला. त्यांनी लिहून दिलं की श्री. बारापात्रे हे स्वतः वेळेवर हजर झाले, खुर्चीवर टॉवेल टाकून बाहेर गेले. खाली सही. नंतर खाप्याला भेटायला गेले तेव्हा देवरावची बायको बायजाबाई एवढंच म्हणाली, "तुमच्या बाजूलेच बसत होते ना जी ते? तुमाले नाई समजलं काय?"

"टॉवेल होता," मनोहरराव म्हणाले. "आम्हाले वाटलं, आहेत." तेवढं बोलून त्यांनी चहा घेतला. तो चहा त्यांना अजून आठवायचा.

शनिवार-रविवार काही झालं नाही. पेटीला कुलूप होतं. मनोहरराव बेतानं खुर्चीत बसले, ठिपका लागला, विझला. फॉर्म भरले. माणसाला दोन दिवस शांततेचे मिळाले की तो लगेच शहाण्यासारखा विचार करू लागतो. ऊन, वय, एकटेपण, अशी तीन कारणं त्यांनी काढली आणि तिन्ही त्यांना पटली.

सोमवारी साडेअकराला ते कूलर भरायला निघाले. कूलर बाजूच्या बोळात, खिडकीला लावलेला. मोबाइल खुर्चीच्या हातावर चार्ज होत होता. त्यांनी कूलर बंद केला, बोळात जाऊन पाइप टाकीत सोडला, नळ फिरवला आणि वळले. ओल्या फरशीवर चप्पल सरकली. कमरेत काहीतरी लाकूड मोडल्यासारखं वाजलं आणि ते भिंत आणि कूलर यांच्या मधल्या दोन हात सावलीत आडवे झाले.

हाक मारायला छातीत हवा नव्हती. जी होती ती टाकी भरून पत्र्यावर कोसळणाऱ्या पाण्याच्या आवाजात बुडाली. तरी त्यांना फार घाबरल्यासारखं वाटलं नाही. ठिपका लागणार नाही. ऋषिकेश फोन करेल. इंदुताई किल्ली घेऊन येतील. बंदोबस्त होता.

किती वेळ गेला कळलं नाही. मग कूलरच्या वाळ्यातून, खोलीतून, गोड आवाज आला :

"आपको बैठे हुए पैंतालीस मिनट हो चुके हैं..."

मनोहररावांचे डोळे उघडले.

मोबाइल वाजला. वाजत राहिला. थांबला. थोड्या वेळानं समोरच्या खिडकीशी चपला वाजल्या. इंदुताईंचा आवाज, फोनवर बोलतानाचा, मोठा :

"अरे आहेत ना, ऋषी! बसले आहेत. पाठीमागून दिसून राहिले मले, टॉवेल टाकला आहे डोक्याखाली. झोपले असतील. उगाच उठवून काय करू?... हो हो. ठेव."

"इंदुताई..." मनोहरराव म्हणाले. ओठ हलले. पाणी कोसळत होतं. चपला गेल्या.

पेटीला कुलूप होतं. किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला होती, आणि आता मांडीत रुतत होती.

वरची टाकी रिकामी झाली. पाणी थांबलं. बोळात सामसूम झाली आणि त्या सामसुमीत, वाळ्याच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर तो आवाज होता. चर्र... चर्र... चर्र. मधून मधून बाई तास सांगत होती. दो घंटे. साढ़े तीन घंटे. प्रत्येक वेळी त्या गोड आवाजानंतर घोटणं क्षणभर थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. ऊन भिंतीवरून खाली उतरत पायांपर्यंत आलं. मनोहररावांनी हातानं कूलरचा पाय ओढून पाहिला, आवाज व्हावा म्हणून. तो ओढताना त्यांना रॅकखालचे गठ्ठे आठवले आणि हात आपोआप सुटला.

"देवराव," ते शेवटी म्हणाले. ओठ फुटले होते. "टॉवेल मी टाकला होता... तू नव्हता आला. मी खोटं लिहिलं... मी लिहून देतो, गा. खरं लिहून देतो. सही करून... बायजाबाईले सांगतो."

घोटणं थांबलं.

मग खुर्चीनं हुश्श केलं. वजन उठल्यावर तिची बैठक वर येते, तेव्हा होतो तेवढाच आवाज. आणि पाठोपाठ मोबाइल वाजू लागला.

ठिपका बरोबर साडेपाचला विझला, असं ऋषिकेशनं नंतर सांगितलं. सहा तास बसलेले बाबा उठले म्हणून त्यानं सहज फोन केला होता. उचलला नाही तेव्हा त्यानं इंदुताईंना आत पाठवलं.

धंतोलीच्या एका दवाखान्यात मनोहररावांच्या खुब्यात सळई बसवली. ऋषिकेश विमानानं आला, दोन रात्री बाकावर झोपला. इंदुताई डबा घेऊन आल्या की आधी रडायच्या आणि मग रागवायच्या. "मी माझ्या डोळ्यानं पाहिलं होतं, भाऊ! तुमची शपथ! आत गेली तर खुर्ची खाली. टॉवेल तेवढा होता. तोच ओला करून तुमच्या डोक्याले गुंडाळला." टॉवेलचं पुढं काय झालं ते त्यांना आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऋषिकेश लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला. साधी प्लास्टिकची, हिरवी खुर्ची. मनोहररावांना ती फार सज्जन वाटली.

"बाबा, फॉर्म बंद करून टाकतो. काही सांगायचं आहे काय तुम्हाले? काही पण?"

मनोहररावांनी तोंड उघडलं. मुलाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. खिडकीबाहेर कोणाचं तरी स्ट्रेचर जात होतं. खापा किती लांब आहे, बायजाबाई असेल का नसेल, सव्वीस वर्षांपूर्वीचा कागद आता कोणत्या गठ्ठ्यात, हे सगळं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना इतका थकवा आला की त्यांनी डोळे मिटले.

"लिही," ते म्हणाले. "बैठकीतील सेन्सर सदोष असल्याने सदर खुर्ची परत करण्यात यावी. बस. प्रकरण बंद."

"एवढंच?"

"एवढंच."

ऋषिकेश औषधं आणायला खाली गेला. मनोहररावांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा नर्स सलाइनची बाटली बदलत होती. हातात सुई, कंबरेखाली शरीर दगडाचं. छातीवर काहीतरी जड ठेवल्यासारखं वाटत होतं आणि डावा हात दुखत होता.

"सिस्टर... छातीत जरा..."

"गॅस असते, आजोबा, ऑपरेशननंतर. काही वाटलं तर तुमच्या माणसाले सांगा, ते बोलावतील मले."

"मुलगा खाली गेला."

"मुलगा नाही, ते दुसरे. तुमच्या ऑफिसचे. उंच आहेत ते." तिनं हनुवटीनं हिरव्या खुर्चीकडे दाखवलं. "टॉवेल टाकून गेले ना आत्ता. म्हणाले, मी इथंच आहे, चहाले जाऊन राहिलो."

खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता. पांढरा, लाल काठाचा, लांबीत तीन घड्या केलेला. दोन्ही टोकं सारखी होती.

घंटीचं बटण त्या खुर्चीच्या मागे भिंतीवर होतं.

"सिस्टर, ते... ते नाहीत..."

पण ती दारापर्यंत पोचली होती. बाहेरून कोणी तरी विचारलं, "सतरा नंबरजवळ माणूस आहे काय? नाहीतर कोणाले तरी बसवा."

"आहेत," नर्स म्हणाली आणि तिनं दार ओढून घेतलं.

तिची पावलं व्हरांड्यात लांब गेली. मनोहररावांनी उजवा हात उचलला, टॉवेलच्या दिशेनं वीतभर नेला. तिथं तो थांबला. खोलीत जुन्या कागदांचा वास येऊ लागला होता आणि उशाशी, अगदी जवळ, कोणीतरी पन्नी घोटायला सुरुवात केली होती. घाई नसलेल्या माणसासारखी, दोघांपुरती.